एकने कमी

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनो, तुम्ही खोटारडे आहात. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की कागद फाडायचा ते तुम्हाला लगेच ठरवता येईल.

तुमचं उत्तर काल मिळालं. ‘तळघरातील तपासणी कक्षात दुसऱ्या तपासनिसाच्या पदावर आजवर कोणाचीही नेमणूक झालेली नाही.’ एक ओळ. खाली सही नाही, नुसता शिक्का. अकरा वर्षं माझी धाकटी बहीण त्या खुर्चीवर बसली. खुर्चीच्या डाव्या हाताचं रेक्झिन नखांनी सोलून सोलून तिने आतला स्पंज बाहेर काढला. आणि तुम्ही मला एका ओळीत वाटेला लावता?

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढे बाप गेला, शाळा सुटली. भागाकार आम्ही दोघी बहिणी जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर आपापल्या शिकलो. तुमच्यासारखं गुळगुळीत लिहिता येत नाही मला. झालं तसं सांगते.

तुम्ही कधी खाली उतरला नाहीत, म्हणून खोली कशी आहे तेही सांगते. दोन टेबलं समोरासमोर जोडलेली. दोन्हींवर एकेक भागाकाराचं यंत्र, हाताने दांडा फिरवायचं. फिरवलं की खर्र, घर बदललं की टक्. भाजकासाठी यंत्रावर चारच चाकं, म्हणजे चार अंकांपुढचा भाजक त्यात बसत नाही. छताला टेकलेली एक खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. भिंतीवर मूळ संख्यांचा तक्ता. दोनपासून सुरू होतो आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात ९९७३ वर संपतो. त्यापुढे भिंतीला ओल आहे.

भिंतीतल्या छोट्या लिफ्टमधून तुमचं पाकीट खाली यायचं. पाकिटात एक कागद, कागदावर एक आकडा, आठ अंकी, क्वचित जेमतेम नऊ अंकी. त्याचे गुण आम्ही लिहायचे. सम की विषम. अंकांची बेरीज. वर्गाचा शेजार, म्हणजे जवळच्या पूर्ण वर्गापेक्षा किती कमी किंवा किती जास्त. आणि शेवटी खरं काम, मूळ की संयुक्त. कुणानेच भाग जात नसेल, फक्त एकने आणि स्वतःने जात असेल, तर निळा शिक्का, ‘मूळ’. मधल्या कुणाही एकाने भाग गेला की लाल शिक्का, ‘संयुक्त’. संयुक्त निघाली की तिच्या सगळ्या लहान भाजकांची बेरीज करायची. बेरीज आकड्याहून कमी भरली तर न्यून, जास्त भरली तर अधिक, बरोबर भरली तर परिपूर्ण.

धाकटीच्या लेखी ही सगळी माणसं होती. “ही बघ न्यून बाई,” ती म्हणायची. “सगळी पोरं एकावर एक उभी केली तरी आईच्या कमरेला लागत नाहीत.” अधिक आली की, “हिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही गं.” परिपूर्ण आम्हाला अकरा वर्षांत एकच मिळाली. त्या दिवशी तिने शिपायाला जादा चहा आणायला लावला.

हे आकडे कशाचे, ते आम्ही विचारलं नाही. तळघराचे मोठे बाबू म्हणायचे, “न्हाव्याने डोकं कुणाचं ते विचारू नये. केस कापावेत.”

कामाची रीत अशी. तक्त्यावरच्या एकूण बाराशे एकोणतीस संख्या. पहिली तपासनीस दोनपासून वर चढत जायची, दुसरी वरून खाली उतरत यायची. दोघींनी सगळ्या संख्यांनी भागून बघायचं, म्हणजे एकीची चूक दुसरीच्या हाती लागते. मी चढायची, ती उतरायची. दुसऱ्या दिवशी संपायचं. पण पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, ४५२३ च्या जवळपास, आमची गाठ पडायची. ती टेबलाखालून आपला पाय माझ्या पायावर ठेवायची. वर न बघता, दांडा न थांबवता. एवढीच आमची सुट्टी.

आम्ही जुळ्या. मी दोन मिनिटांनी मोठी. त्या दोन मिनिटांवर मी जन्मभर थोरलीचा मान खाल्ला. घरात मला ‘थोरली’, तिला ‘धाकटी’. बाहेर कुणाला आमच्यातली थोरली कोण, धाकटी कोण ते कळायचं नाही.

आता तो शुक्रवार.

आकडा होता १००१६००६३. विषम. अंकांची बेरीज सतरा. वर्गाचा शेजार, १०००८ च्या वर्गाला एकने कमी. हे मी माझ्या हाताने लिहिलं. गुरुवारी आम्ही सुरुवात केली, शुक्रवारी पावणेपाचला माझं ९९७३ झालं, तिचं दोन झालं. एकानेही भाग गेला नव्हता. पण भागून बघायचं ते आकड्याच्या वर्गमुळापर्यंत, आणि या आकड्याचं वर्गमूळ दहा हजार सातच्या पुढे आणि आठच्या केसभर अलीकडे. म्हणजे तक्त्याबाहेरची आणखी एक संख्या उरत होती. १०००७. पाच अंकी. यंत्रात बसत नाही, कागदावर करावी लागते. दोन मिनिटांचं काम.

आईचा नवा चष्मा तयार होता आणि दुकान साडेपाचला बंद होणार होतं. मी डबा पिशवीत टाकत होते.

“थोरले, तो शेवटचा केलास का?” धाकटीने विचारलं. पेनचं टोपण तिच्या दातांत होतं.

“केला.”

“नाही गेला?”

“बाराशे एकोणतिसांनी गेला नाही, हाच कोण लागून गेलाय? कर सही.”

तिने सही केली. मी निळा शिक्का मारला, कागद लिफ्टमध्ये ठेवला, दोरी ओढली.

तेव्हा खोटं मीही बोलले, साहेब. एक शब्द. ते मी लपवत नाही.

चष्म्याच्या दुकानात दोघींनी आईला दोन बाजूंनी धरलं होतं. पायरी उतरताना दुकानदार म्हणाला, “आजी, सांभाळून. मुलीचा हात सोडू नका.” मुलीचा. आम्ही हसलो. लोकांना आम्ही एकच वाटतो, ही काही नवी गोष्ट नव्हती.

शनिवारी सकाळी तो शब्द मला टोचायला लागला. भाजी निवडता निवडता वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर भागाकार मांडला. १००१६ मधून १०००७ गेले, उरले नऊ. पुढचे अंक उतरवत गेले, भाग शून्य, शून्य, शून्य. शेवटी ९००६३. नऊ वेळा १०००७ म्हणजे ९००६३. खाली काही उरलं नाही. उत्तर १०००९.

मी धाकटीला दाखवलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

“दोन्ही मूळ आहेत गं. दोघींत दोनाचं अंतर,” ती म्हणाली. “जुळ्या आहेत.”

“असतील.”

“तू वर्गाचा शेजार काय लिहिलास? एकने कमी? अगं बावळट, मग भागायचं तरी कशाला? नवातून एक काढ, आठ. बे चोक आठ. पंचवीसातून एक काढ, चार सक चोवीस. शंभरातून काढ, नऊ अकरे नव्व्याण्णव. वर्गातून एक गेला की त्याची दोन भावंडं पडतातच. एक अलीकडचं, एक पलीकडचं.”

हे तिला त्या दिवशी सुचलं. आम्ही दोघी सातवी पास. पण साहेब, तुम्ही? ‘एकने कमी’ हे माझ्या अक्षरात त्या कागदावर होतं आणि त्याच्याच खाली निळा शिक्का होता. शिकलेल्या माणसाला एका नजरेत कळेल. तुम्ही तो कागद दप्तरी लावून घेतलात. कसे काय?

“सोमवारी सांगू,” मी म्हटलं. “फार तर बोलणी बसतील.”

“बसू देत.” ती कागदाची घडी घालत होती. मग थांबली. “पण थोरले, मूळ ठरली म्हणजे तिला एक आणि ती स्वतः, बस. मग मधली दोघं कुठं जाणार गं?”

मी तिला म्हटलं, जा, कुकर बघ.

रविवारी आईने दोन ताटं वाढली. एक तिचं, एक माझं. धाकटी हात धुऊन आली आणि उभी राहिली.

“आई, मी उपाशी राहू का?”

आईने चष्मा सारखा केला, तिच्याकडे बघितलं. पटकन नाही बघितलं. आवाज कुठून आला ते शोधत शोधत बघितलं. मग म्हणाली, “अगं बाई! वाढते, वाढते.”

“नंबर चुकलाय चष्म्याचा,” मी म्हटलं. “बदलून आणू.”

धाकटी जेवताना बोलली नाही. ती न बोलता जेवली असं मला एकही जेवण आठवत नाही.

सोमवारी मोठ्या बाबूंकडे गेलो. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज काढला. “दोन्ही तपासनिसांच्या सह्या लागतात. चूक दोघांची, दुरुस्ती दोघांची.” आम्ही दोघींनी सह्या केल्या. अर्ज वर गेला.

मंगळवारी परत आला. ‘दुसरी सही नाही.’

मी बघितलं. माझ्या सहीशेजारची जागा कोरी होती. खोडलेली नाही, पुसलेली नाही, कोरी. कागद उजेडाला धरला, पेनाचा दाबसुद्धा नव्हता.

“बाबू, हिने काल तुमच्यासमोर सही केली.”

“हं. मग पुन्हा करा की.” त्यांनी पेन पुढे केलं. माझ्यापुढे.

“मी नाही, ही.”

“तेच म्हणतोय. करा.”

धाकटीने त्यांच्या हातातून पेन घेतलं. त्यांचा हात तसाच पुढे राहिला, बोटं पेन धरल्यासारखी. ती वाकली, सही केली. मी शाई बघितली, ओली होती. मोठे बाबू माझ्याकडे बघत होते आणि माझ्या हातून काहीतरी व्हायची वाट बघत होते.

“झाली ना सही?” मी विचारलं.

“तुमची झालीय. दुसरी राहिलीय.”

जिन्यात धाकटी म्हणाली, “शिपायाने आज एकच कप ठेवला. मी म्हटलं विसरला असेल.” तिची बोटं गार होती. “थोरले, मला भीती वाटतेय गं. तू हसू नको.”

मी हसत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो भागाकार पुन्हा मांडला. अर्जाला जोडावा म्हणून, नीट, मोठ्या अक्षरात. १००१६ मधून १०००७, नऊ. शून्य, शून्य, शून्य. ९००६३ खाली ९००६३. मी वजाबाकीची रेघ ओढली.

खाली एक उरला.

पुन्हा केला. तिनातून तीन गेले, सहातून सहा गेले, सगळं शून्य होत गेलं, आणि तरी कागदावर एक होता. कुठल्या ओळीत तो आला ते मला आजही सांगता येत नाही. प्रत्येक ओळ बरोबर आहे. कागद सोबत जोडते आहे, तुम्हीच बघा.

मग तिने केला. तिच्या अक्षरात बाकी शून्य आली. आम्ही दोघींनी श्वास सोडला. तिने कागद माझ्याकडे सरकवला, मी हातात घेतला.

एक होता.

त्या रात्री तिने आपली खाट माझ्या खाटेला लावून घेतली. लहानपणीसारखी. मी तिचं मनगट धरून झोपले आणि सकाळी मनगट माझ्या हातात होतं. हे मुद्दाम लिहिते.

बुधवारी नवा आकडा आला. “आज सुट्टी घेऊ,” मी म्हटलं.

“नको. यंत्र फिरतंय तोवर मी आहे असं वाटतं,” ती म्हणाली. “तू चढ.”

मी चढायला लागले. समोरून खर्र-टक् ऐकू येत होतं. तिचा हात माझ्याहून जलद. मी दर थोड्या वेळाने मान वर करायची. ती दिसायची, कपाळावर आठी, दातांत टोपण. “आहे, आहे,” ती म्हणायची. “काम कर.”

मोठे बाबू एकदा येऊन गेले. दाराशी उभं राहून म्हणाले, “दोन यंत्रं कशाला वापरताय? एकाला तेल किती लागतं.”

दोन वाजता मी ३३०० च्या पुढे होते. अडीचला चार हजार. खिडकीतून पाय जात होते.

“थोरले,” ती म्हणाली, “मी जवळ आलेय.”

“मीही.”

“पाय पुढे कर.”

मी चप्पल काढली. पाय पुढे केला.

४५१३. खर्र-टक्.

४५१७.

४५१९. समोरचं खर्र माझ्या खर्रमध्ये मिसळलं. एकाच वेळी थांबलं.

४५२३.

माझ्या पायाला गार फरशी लागली.

मी मान वर केली नाही. नाहीच केली. पाय आणखी पुढे सरकवला, डावीकडे, उजवीकडे. खुर्चीचा लोखंडी पाय लागला.

मग वर बघितलं.

यंत्रावर कापडी झाकण होतं. झाकणावर धूळ होती. खुर्चीच्या डाव्या हाताचं रेक्झिन गुळगुळीत होतं, अखंड. नव्या वस्तूचा असतो तसा वास येत होता त्याला.

टेबलावर तिचा कागद नव्हता. माझा होता. त्यावर माझ्या अक्षरात दोनपासून ४५२३ पर्यंत खुणा होत्या. आणि खाली, ९९७३ पासून ४५२३ पर्यंत उतरत्या खुणा. त्याही माझ्या अक्षरात.

घरी पळत गेले. आमच्या खोलीत एकच खाट होती, मधोमध. ती ओढून बाजूला केली. चार पायांखाली फरशीवर चार काळपट डाग होते, वर्षानुवर्षांचे, घासले तरी निघाले नाहीत. बाकी सगळी फरशी साफ होती.

“आई, धाकटी कुठंय?”

“कोण धाकटी?”

“अगं, मी थोरली. मग धाकटी कोण?”

आईने चष्मा पदराने पुसला, पुन्हा लावला. “थोरली? कुणाहून?” ती म्हणाली. “काय झालंय तुला? एकुलती एक तू माझी.”

नंबर चुकलेला नाही चष्म्याचा. मी दुकानात नेऊन तपासून आणला.

त्यानंतर तुम्हाला चार अर्ज केले. लाल शिक्का मारा, एवढीच मागणी. १००१६००६३ संयुक्त आहे. न्यून आहे. तिला एक आणि ती स्वतः सोडून दोन भाजक आहेत, १०००७ आणि १०००९, एक वर्गमुळाच्या अलीकडचा, एक पलीकडचा, दोघांत दोनाचं अंतर. तुमचं उत्तर दरवेळी तेच. दुरुस्तीला दोन सह्या लागतात. दुसरी सही आणा. आणि कालच्या पत्रात, दुसरं पद कधी भरलंच नव्हतं. कधी भरलंच नव्हतं, तर अकरा वर्षं प्रत्येक कागदावर दोन सह्यांशिवाय तुम्ही शिक्का मानला कसा? दाखवा एक तरी जुना कागद. की सगळ्यांवर आता कोरी जागा आहे?

मला वाटायचं, चूक माझी आणि शिक्षा तिला. त्या रागावर मी हे तीन आठवडे काढले. पण परवापासून तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. ती ‘मधली एक कुठं जाणार’ असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, मधली दोघं.

आज सकाळी शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला, दोन्ही टेबलांकडे बघितलं आणि ट्रे तसाच परत नेला. मी हाक मारली. तो दारात थांबला, कान खाजवला, गेला. मोठे बाबू कुणाला तरी म्हणत होते, तळघर बरेच दिवस बंद आहे, सामान ठेवायला होईल.

दुपारी घरी आले. आईने एक ताट वाढलं. मी हात धुऊन पाटावर बसायला वाकले, आणि आई येऊन त्या ताटावर जेवायला बसली.

मी तिच्यासमोर बसून हे लिहिते आहे. ती सावकाश जेवते आहे. मध्येच मान वर करते, आवाज कुठून येतोय ते शोधल्यासारखी. पेनचा आवाज असेल.

म्हणून साहेब, या वेळी एक ओळ चालणार नाही. तो आकडा तुम्ही मुद्दाम पाठवला होता की नाही, ते सांगा. लाल शिक्का मारणार की नाही, ते सांगा. तिला परत आणायला माझी स्वतःची सही तरी उरायला हवी, तेव्हा उशीर करू नका. आणि बाकी सगळं सांगायच्या आधी एवढं बघून कळवा. या ओळीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, मी आत्ता सही केली आहे. शाई ओली आहे.

ती तुम्हाला दिसते का?